डिझायनर नको म्हणजे नको

नसीरभाईंचं म्हणणं साधं होतं: घर ज्याचं, डोकं त्याचं. वलवणला धरणाच्या अलीकडे त्यांनी जागा घेऊन ठेवली होती. तिच्यावर भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला आणि एका शुक्रवारी जेवताना त्यांच्या लेकीने, लायबाने, सहज विचारलं, "अब्बा, आतलं काम काढायच्या आधी इंटीरियर डिझायनर बघायची का? माझ्या कॉलेजची समीक्षा पुण्यात हेच काम करते."

नसीरभाईंचा घास हातातच राहिला. (सुकं मटण होतं म्हणून निभावलं. रस्सा असता तर लेंगा गेला असता.)

"मला डिझायनर? उद्या म्हणशील, अब्बांना लोणावळ्याचा रस्ता दाखवायला गाईड ठेवू."

या रागाला आधार होता. नसीरभाईंची सगळी हयात लोणावळ्यात दुसऱ्यांचे बंगले सांभाळण्यात गेली होती. मुंबईच्या मालकांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला आणि शनिवार-रविवारची गिऱ्हाइकं त्यांच्या फोनवर. डिझायनरांची करणी त्यांनी जवळून पाहिली होती. एका बंगल्यात हॉलमध्ये बैलगाडीचं चाक टांगलेलं होतं, ते ऐन अंताक्षरीत खाली आलं. दुसऱ्या एकात न्हाणीघराला काचेची भिंत होती. तिथे आलेल्या एका सासूबाई आंघोळ न करताच मुलुंडला परत गेल्या. भिंतीला रंग न देता तशीच उघडी ठेवायची, त्याला 'फिनिश' म्हणायचं आणि वर त्याबद्दल मालकाने आभार मानायचे, हा धंदा चालू असताना एखाद्या शहाण्या माणसाने दंड थोपटले तर त्याला दोष कोण देणार? आम्ही तरी देणार नाही.

नसीरभाईंच्या पत्नी खतीजाबी मध्ये पडल्या नाहीत. ताटं उचलता उचलता त्या एवढंच म्हणाल्या, "डिझायनर आणा नाहीतर नका आणू. मी लग्न होऊन आले ती बाजारामागच्या या दोन खोल्यांत. आता जिथे माझा जीव रमेल तिथेच मी जाईन. नाही रमला तर इथे बरी आहे. तुम्ही जा एकटे."

"रमेल म्हणजे? डोळे दिपतील तुमचे," नसीरभाई म्हणाले.

तरीही समीक्षा आली. लायबानेच बोलावली होती. मुलगी नम्र होती. तिने कॅटलॉग काढला नाही की टेप काढली नाही. उलट प्रश्न विचारायला लागली.

"काकू, सकाळी उठल्यावर तुम्ही आधी कुठे जाता?"

"हे काय विचारणं झालं?" नसीरभाई म्हणाले. "चोरी झालीय का आमच्याकडे?"

"तसं नाही काका. बरं, तुम्ही बाहेरून आलात की कुठे बसता?"

"खुर्ची असेल तिथे."

"आणि घरात भांडण झालं तर कोण कुठे जाऊन बसतं?"

यावर खतीजाबींनी पहिल्यांदाच उत्साहाने तोंड उघडलं. पण नसीरभाईंनी धोका ओळखला. "बेटा, चहा घे," ते म्हणाले, "आणि मग निघ. पुण्याची लोकल चुकायची."

मग त्यांनी कामाला केरबाला लावलं. केरबा वडगावकडचा, गवंडीकाम आणि सुतारकाम दोन्ही करणारा. मालक सांगेल ते करायचं आणि वर थोडं बोलून घ्यायचं, अशी त्याची रीत.

"नसीरभाऊ, किचन लय बारकं झालं न्हाई का?"

"बारकं कशाने? केटली मावते, मायक्रोवेव्ह मावतो. पाहुणे काय इथे भाकऱ्या थापणार आहेत?"

"पाहुणे कंचे?"

"म्हणजे आम्हीच रे."

"आसं व्हय. आन् मागल्या अंगाला ही येगळी खोली कशापायी?"

"केअरटेकरची."

"तुमी केअरटेकर ठेवनार?"

"ठेवणार नाही. पण बंगला म्हटला की मागे केअरटेकरची खोली असतेच. तू कर. उरलंसुरलं सामान तिथे वापर, मला विचारायला येऊ नको."

केरबाने मान हलवली. (मान हलवणं आणि पटणं यांचा मावळात फारसा संबंध नाही.)

घर तयार झालं. बरकतीसाठी कुराण वाचून कुराणख्वानी झाली, गोड केशरी भाताचा जर्दा वाटला गेला, पाहुणे पांगले आणि नसीरभाईंनी खतीजाबींना हात दाखवून म्हटलं, "चला, आता निवांत बघा."

खतीजाबींनी बघायला सुरुवात केली. प्रत्येक बेडरूमला आपलं आपलं बाथरूम होतं. प्रत्येक पलंगावर पांढरी चादर, पायाशी आडवी चॉकलेटी पट्टी आणि उशीवर हंसासारखा घडी घातलेला टॉवेल. कपाटात एक्स्ट्रा गाद्यांची थप्पी. बाजूला इंटरकॉम. हॉलमध्ये माणसं दाटीवाटीने बसतील एवढे सोफे, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. बाहेर बार्बेक्यू. दाराशी पाटी: ओल्या अंगाने आत येऊ नये.

खतीजाबी सोफ्याच्या कडेला टेकल्या. पर्स मांडीवरच ठेवली.

"कसं वाटलं?"

"छान आहे," खतीजाबी म्हणाल्या. "चेक-आउट किती वाजता?"

लायबा पटकन बाल्कनीत गेली. तिचे खांदे हलत होते.

"चेष्टा नको. किचन बघा."

खतीजाबींनी किचन बघितलं. बघायला फार वेळ लागला नाही. "परात कुठे ठेवू?"

"परात कशाला? जेवण तर बाहेरून..." नसीरभाई थांबले. उभा जन्म गिऱ्हाइकांना सांगितलेलं वाक्य जिभेवरून घसरलं होतं.

खतीजाबी हॉलमध्ये परत आल्या. त्यांनी पर्स उचलली. आता ही बाई रिक्षा करून बाजारामागच्या खोल्यांत जाते, हे नसीरभाईंना दिसायला लागलं. एवढं सगळं उभं केलं ते हिच्यासाठी, हे सांगायची त्यांना सवय नव्हती. म्हणून ते म्हणाले, "जायचं तर खुशाल जा."

खतीजाबी मागच्या दाराने निघाल्या. वाटेत केरबाने आपल्या मनाने केलेली केअरटेकरची खोली लागली. दार उघडंच होतं, म्हणून त्या आत डोकावल्या.

ओटा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कारण केअरटेकरच्या बायकोला पार्ट्यांचा स्वयंपाक करावा लागतो. मोरी ऐसपैस, नमाजाआधी वुजूला, हातपाय धुवायला, बसता येईल असा कट्टा. पूर्वेला खिडकी. परात, पातेली उभी करायला फडताळ. दारापुढे ओटी, कारण केअरटेकरने फाटकावर नजर ठेवायची असते. तिथे बसलं की वलवणमध्ये कोण कुठे चाललंय ते सगळं दिसे. खतीजाबी बसल्या. समोरून ओळखीच्या लीलाबाई भाजी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून बोलायला लागल्या.

त्यांचं बोलणं संपल्यावर खतीजाबींनी पर्स खुंटीला अडकवली. "मी इथे राहते," त्या म्हणाल्या.

"केअरटेकरच्या खोलीत? लोक काय म्हणतील?"

"लोकांना चहा देईन."

नसीरभाई हटले नाहीत. बंगला त्यांनी बांधला होता, ते बंगल्यातच राहणार होते. संध्याकाळी त्यांनी इंटरकॉम उचलला. "चहा मिळेल का?"

"कुठल्या रूममधून बोलताय?" खतीजाबींनी विचारलं.

पुढच्या रविवारी समीक्षा घर बघायला आली. बंगल्यातून ती शांतपणे फिरली आणि मागच्या ओटीवर मात्र बराच वेळ रमली. "काका, हे फार सुंदर जमलंय. याचं डिझाइन कोणी केलं?"

"मी," नसीरभाई छाती काढून म्हणाले. "एकट्याने. डिझायनर लागला नाही."

खतीजाबींनी खोडून काढलं नाही. माणसाला एखादी गोष्ट तरी जिंकू द्यावी.

तेवढ्यात फाटकाशी मुंबईची गाडी थांबली. खाली उतरलेल्या तरुणाने ओटीवर लसूण सोलत बसलेल्या खतीजाबींना विचारलं, "मावशी, बंगला वीकेंडला मिळेल का?"

"नाही बाबा. राहतं घर आहे माझं."

"मग हे काका?"

खतीजाबींनी नवऱ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ते होय? ते बंगला सांभाळतात."

नसीरभाई ताडकन पुढे झाले. आज, आत्ता, या पुण्याच्या पोरीसमोर सोक्षमोक्ष लागायला हवा होता. "हे बघा साहेब," ते गरजले, "या बंगल्याचा..."

"म्युझिक किती वाजेपर्यंत चालतं?" तरुणाने विचारलं.

"दहापर्यंत," नसीरभाई म्हणाले. "नंतर स्पीकर आत घ्यायचा."