टोपणभर दारू

आमचे मारोतभावजी स्वतःच्या उजव्या हाताला बागायती म्हणतात आणि डाव्याला कोरडवाहू. "वैनी, डाव्यात कितीबी सुया घाला, पाणी लागत न्हाई. उजव्यात पहिल्याच फुटाला लागतंय." पाणी म्हणजे रक्त बरं का.

नांदेडात आमच्या भिंतीला भिंत लागून ते एकटे राहतात. मूळचे नायगावकडचे, शेत बटईनं दिलेलं. साखरेचं दुखणं जुनं. लातूरच्या एका दवाखान्यात साखरेच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. म्हणजे गोळी माणसांना देऊन बघायची, दर महिन्याला दोन रात्री तिथंच ठेवून घ्यायचं, रक्त काढायचं आणि वर पैसेही द्यायचे. भावजींनी नाव घातलं. पैशांचं त्यांना काही नव्हतं, येताना बालूशाही आणून गल्लीत वाटून टाकायचे. स्वतःला खायची बंदी, म्हणून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत उभे राहायचे.

त्यांचं सुख वेगळंच होतं. जायच्या दोन दिवस आधीपासून पिशवी भरून दारात. मी विचारायचे, "कुठं निघालात भावजी?"

"माहेरी जाऊन राहिलो वैनी!"

सत्तरीतला मिशीवाला माणूस, एसटीनं माहेरी निघालेला! तिथं एक सिस्टर होती. काका, झोप लागली का, मळमळतंय का, चक्कर आली का, असं सकाळ-संध्याकाळ विचारायची. घरी हे विचारायला होतं कोण? बायको लवकर गेली. एकुलता एक संतोष, तो दारूनं गेला. भावजींना तिथं वाईट वाटायचं ते एवढंच, की सांगायला काही त्रासच नसायचा. "एवढ्या मायेनं इचारती पोरगी, एखादी ढेकर तरी यावी का न्हाई?"

नियम मात्र कडक. चाचणी चालू असेतो दारूचा थेंब घ्यायचा नाही. गोळीचा गुण खरा कळत नाही आणि जिवालाही धोका. घेतली की नाव कमी. दर खेपेला तसं विचारायचे. चाचणीतलाच उमरीचा एक गडी स्टँडवर उतरून घेऊनच यायचा आणि छातीवर हात ठेवून "न्हाई" म्हणायचा. भावजींना त्या प्रश्नाचाच राग. "मला इचारता? मी बाटल्या फोडलेला माणूस हाय!"

ते मात्र खरं. संतोषच्या बाटल्या त्यांनी अंगणात फोडल्या, काचा मी वेचल्या. तो पिऊन आला की त्याचं ताट ओट्यावर आणि भावजी आत दाराला कडी लावून. बापलेक एका जागी बसलेले मी तरी बघितले नाहीत.

आमच्याकडं पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर वाढतात. कुणाला तंबाखू, कुणाला बिडी, पिणाऱ्याला दारूसुद्धा. भावजी संतोषचं पान वाढायचे, पण दारू ठेवायचे नाहीत. मागच्या साली कावळा शिवलाच नाही. दुपार कलली तरी हे गच्चीवर उन्हात उभे.

यंदा माझ्याकडं आले, आवाज बारीक करून म्हणाले, "वैनी, कोणती घेऊ?"

"मला काय माहीत हो! मी काय पिती का?"

मग तोंडाला रुमाल बांधून एकटेच गेले. दुकानदारानं विचारलं, कोणती? यांना नाव कुठं ठाऊक. म्हणाले, "संतोषची." त्यानं फळीवरची बाटली काढून दिली.

द्रोणात टोपणभर ओतली. कावळा आला. वडा उचलला, खिरीत चोच घातली, द्रोणाला काही शिवला नाही. आता पितराच्या पानावरचं फेकायचं कसं? भावजी पानासमोर मांडी घालून बसले आणि तो द्रोण त्यांनी तोंडाला लावला. मी माझ्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. तिथून दिसलं.

दोन दिवसांनी लातूरला गेले आणि दिवस मावळायच्या आत पिशवी घेऊन परत.

"काय झालं भावजी? ठेवून नाही घेतलं?"

"नाव कमी केलं." पिशवी ओट्यावर ठेवून बसले. "इचारलं, दारू घेतली का. म्हणलं, हाव, घेतली."

"अगं बाई!"

"उमरीवाला कोपर मारून राहिला, काका, न्हाई म्हणा. सिस्टरनं दोनदा इचारलं. दोनदाबी हाव म्हणलो. जाताना म्हणती, तब्येतीला जपा काका. लई चांगली पोरगी."

मला राग आला. एवढंसं टोपण, तेही परवाचं. "अहो, एक न्हाई म्हणायला काय जात होतं तुमचं? सगळं जग म्हणतंय!"

भावजींनी पिशवीचे बंद सोडले, पुन्हा बांधले. मग म्हणाले, "जिता व्हता तवा एक डावबी त्याच्यापशी बसलो न्हाई, वैनी. औंदा बसलो. ते न्हाई कसं म्हणू?"

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला, प्यायले मात्र नाहीत.

"लई कडू असती हो," ते म्हणाले. "कसं पीत असंल माझं लेकरू."