एका कलमाचे दोनशे मालक

रत्नागिरीच्या हरिश्चंद्र सरांनी आयुष्यभर शाळेत चक्रवाढ व्याज शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर फंडाची सगळी रक्कम हापूसच्या एका कलमात गुंतवली. राखण कंपनीची, फळ सरांचं आणि तीन वर्षांत रक्कम तिप्पट, अशी योजना होती. तिप्पट कशी होणार, हे सरांनी विचारलं नाही. कंपनीचा संचालक स्वरूप हा त्यांचाच विद्यार्थी, गणितात दोनदा नापास झालेला. त्याला हिशेब विचारून लाजवणं सरांच्या शिक्षकी मनाला पटेना. मालगुंडच्या विधवा बहिणीने, मालनने, छपरासाठी ठेवलेले पैसेही त्यांनी आग्रहाने त्यातच घातले.

पुढे कंपनीला टाळं लागलं आणि स्वरूप आत गेला. फसलेल्या गुंतवणूकदारांची सभा मंगल कार्यालयात रीतसर भरली. अध्यक्षपद सरांकडे आलं, कारण सर्वांत शिकलेले तेच आणि सर्वांत जास्त बुडालेलेही तेच. पुरावा म्हणून प्रत्येकाने आपल्या कलमाला हार घालून काढलेला फोटो आणला होता. दोनशे फोटो टेबलांवर मांडले गेले आणि सभा त्यांवर वाकली. सगळ्या फोटोंत कलम एकच होतं, डाव्या फांदीला तीच ढोली.

आता सभेने संतापायला हवं होतं. पण इथे सामायिक झाड दिसलं की माणसाला आधी आपला हिस्सा आठवतो.

"पहिला हार माझा हाय!" खेडचे आप्पा ओरडले. "डावी फांदी माझी. कोणी हात लावायचा नाय!"

"आम्ही बुंध्याशी नारळ फोडलाय," दर्शनाबाई म्हणाल्या. "बुंधा ज्याचा, झाड त्याचं."

सरांनी शांततेचं आवाहन केलं आणि हळूच आपला फोटो सर्वांत वर ठेवला. फसवणुकीचा मुद्दा 'आयत्या वेळचे विषय' या सदरात गेला. पहिलं गिऱ्हाईक कोण, हे फक्त स्वरूपला ठाऊक. म्हणून त्याच्या जामिनासाठी समितीनेच वर्गणी काढली. तो सुटला तेव्हा हार घालण्याचा मान अध्यक्षांना मिळाला.

"सर, पहिला हक्क तुमचाच," स्वरूप पाया पडत म्हणाला. "फक्त अग्रहक्क शुल्क तेवढं भरा. बाकीचे टपलेत."

सरांना स्वतःची मनापासून लाज वाटली. मालनला खरं सांगून टाकायचं, असं ठरवून ते मालगुंडला गेले. छपरावर अजून प्लास्टिकच अंथरलेलं होतं.

"दादा, पैसे बुडाले काय रे?" चहा पुढे ठेवत मालनने विचारलं.

हो म्हणायचं, तर बुडवणारे आपणच. सरांनी घसा खाकरला.

"बुडतील कसे? आपला हक्क पहिला लागलाय. थोडं शुल्क राहिलंय, एवढंच."

मालनने कानातल्या कुड्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. "तू मास्तर माणूस. तुला कोण फसवणार?"

परतीच्या एसटीत सरांना राहवलं नाही. त्यांनी शेजारच्या गृहस्थांना सगळी हकिकत सांगितली. गृहस्थ पोट धरून हसले. लोक इतके भोळे कसे, म्हणाले. मग इकडेतिकडे बघून ते सरांजवळ सरकले.

"एखादी फांदी शिल्लक असेल काय हो?"

गृहस्थ काही अडाणी नव्हते. तुमच्यासारखेच, अशा गोष्टी आवडीने वाचणारे होते.