मैनाबाईसाहेबांच्या दुधाच्या दातांची हकीकत

कुलस्वामिनीचे चरण वंदून, जे घडले ते घडले तैसेच लिहिले असे, पदरचे काही घातले नाही. शके सोळाशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सर, माघ मासी राजधानीत ऐसा प्रकार जाहला की, राजकन्या मैनाबाईसाहेब, वय वर्षे चार, यांची दाई साळूबाई लेकीच्या बाळंतपणास परगावी गेली होती, ती सात मासांनी परत आली आणि हातपाय धुऊन थेट महालात गेली, आणि मैनाबाईसाहेब धावत येऊन गळां पडल्या आणि हसल्या, तो दाईच्या काळजात चर्र जाहले. वरले समोरचे चार दात काळे पडून हिरडीपाशी झिजले होते. मग दाईने दासींस धरून विचारले, तेव्हा कळले की मुदपाकखान्याचे मुख्य विसाजीपंत यांनी, राजकन्या निजताना रडतात, राणीसाहेबांस त्रास होतो म्हणोन, मधात भिजवलेली चिंधी तोंडी देण्याची वहिवाट घातली, आणि पोर ती चोखीत निजे, आणि सकाळी चूळ नाही, दात पुसणे नाही, कोणी तोंड उघडून पाहिलेही नाही. दाईच्या तळपायाची आग मस्तकास गेली. ती तैसीच मुदपाकखान्यात शिरली आणि म्हणाली, "पंत, लेकराच्या तोंडाची ही काय दशा केलीत?"

पंत पाटावर बसून केशर निवडीत होते. मान वर न करता बोलले, "साळूबाई, दुधाचे दात ते. आज ना उद्या पडायचेच. त्यांची कसली खंत?"

"पडायचे तेव्हा पडतील. तोवर पोरीने जेवायचे कशाने?"

"खीर आहे की," पंत म्हणाले, आणि चार आचारी हसले.

मग तिसरे दिवशी मैनाबाईसाहेबांचा गाल सुजला आणि ताप भरला, आणि पाण्याचा घोटही जाईना. नरहरशास्त्री वैद्य आले, पाहोन म्हणाले, मुळाशी पू धरला आहे, हा दात काढणेच प्राप्त आहे. मग दाईने पोर मांडीत घट्ट धरिले आणि वैद्यांनी दात काढिला. मैनाबाईसाहेब किंचाळल्या नाहीत. रक्ताने भरल्या तोंडी पुसत्या जाहल्या, "दाई, मी रडले तर पुन्हा चिंधी देतील का?" हे ऐकोन वैद्यांनी तोंड फिरविले.

राणीसाहेबांनी सदरेवर चौकशी मांडिली. तेथे विसाजीपंत हात जोडून अर्ज करते जाहले की, दाई सात मास जागेवर नव्हती, सबब हा तिचाच कसूर. सदर माना डोलवू लागली. दाईस संताप आला, परंतु तिने आवाज चढविला नाही. मैनाबाईसाहेबांस कडेवर घेऊन पुढे जाहली आणि म्हणाली, "बाईसाहेब, आ करा." पोरीने आ केला. दाई एकेका मानकऱ्यापुढे गेली आणि प्रत्येकास ते तोंड पाहावयास लाविले. कोणी खाली पाहू लागला, कोणी खोकला. मग ती राणीसाहेबांपुढे उभी राहिली. "मासाहेब, मी नव्हते, ते कबूल. पण आपण तर होता. रडे बंद पडले म्हणोन कोणीच आत पाहिले नाही. दुधाचे दात खोटे, तर त्यांचा ठणका खरा कैसा?"

राणीसाहेबांच्या डोळां पाणी आले, आणि तेथेच हुकूम जाहला की, मधाची चिंधी आजपासोन बंद, निजण्यापूर्वी राजकन्येचे दात ओल्या मऊ फडक्याने पुसावे, नंतर पाण्याखेरीज काही देऊ नये, आणि हेच राज्यातील लहान लेकरांस लागू. मग हुकुमाची अंमलबजावणी कोणाकडे, तर विसाजीपंतांकडे! त्यांस शालजोडी मिळाली, आणि कागदोपत्री ही सुधारणा त्यांच्याच नावे चढली. दाईस कोणी विडाही दिला नाही.

तात्पर्य इतुके की, पंतांची शाल राहिली आणि पोरीचे दात गेले. उरलेले तिन्हीही चैत्रापर्यंत काढावे लागले. नवे येईतो मैनाबाईसाहेबांस 'साळू' म्हणता येईना, 'थाळू' म्हणत, आणि त्या हाकेवर महाल हसे. दाई मात्र हसत नसे. ती ओले फडके घेऊन उठे, पोरीस मांडीवर घेई आणि मागल्या दाढा एकेक करून पुशी. इति.