आबांच्या टाकीचा काटा

भिंतीवर खडूने लिहिलेले ते सहा आकडे खोटे होते आणि ते मी लिहिले होते, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे दगडूआबांना हसताना खरं कुणाला हसायचं, याबद्दल घोटाळा नको.

साताऱ्यात आमच्या शेजारच्या खोलीत आबा एकटे राहत. मूळचे माण तालुक्यातले. जिथे घागरभर पाण्यासाठी दोन कोस चालावं लागतं, त्या गावचा हा माणूस लढाईच्या काळात मुंबईच्या गोदीत, पाण्यात बुडी मारून काम करणाऱ्या पाणबुड्यांच्या टोळीत होता! "गावात पानी न्हवतं, म्हून जिथं लय हाय तिथं गेलो," म्हणत. लढाई संपल्यावर मोडीत निघालेल्या सामानातून त्यांनी पाणबुड्याने पाठीवर बांधायची हवेची एक टाकी घरी आणली. साताऱ्यात तिचा उपयोग काय, असं मी एकदा विचारलं. "तुमी रोज पोथी वाचताय, मी इचारलं का कवा?"

रोज सकाळी आबा त्या टाकीतल्या हवेचा दाब बघत. टाकी खांबाला दोरीने बांधलेली, चुलीपासून लांब, उन्हापासून लांब. आधी हात राखेने घासायचे. "दाबातल्या हवेला त्याल लागलं तर भडका उडंल." त्यापायी त्यांनी डोक्याला तेल लावणंही सोडलं होतं. मग दाब पौंडांत दाखवणारा काटा जोडायचा, त्याच्या काचेसमोरून बाजूला व्हायचं, टाकीच्या तोंडाची कळ मुंगीच्या पावलाने उघडायची. काटा थांबला की मान वळवून बघायचं आणि "अठराशे!" अशी आरोळी. कळ घट्ट बंद, काट्यात अडकलेली हवा फुस्स करून सोडून द्यायची, आकडा दाराजवळच्या भिंतीवर. त्या आरोळीवर आमची आळी कामाला निघे.

गावच्या जत्रेला जाताना आबांनी हे काम माझ्यावर सोपवलं. "भाऊसाहेब, समोर हुबं ऱ्हाऊ नका. काच फुटली तर डोळ्यात जाईल. कळ झटक्यात उघडू नका. आन् भ्यायचं न्हाई."

शेवटची सूचना सोडून मी सगळ्या पाळल्या. पहिल्या दिवशी अठराशे बघितले, कळ बंद करायला फिरवली, आणि ती फुस्स ऐकताच जो पळालो तो थेट आमच्या स्वयंपाकघरात. बायको म्हणाली, "अहो, टाकी आहे ती, वाघ नाही." दुसऱ्या दिवसापासून मी उंबऱ्यातच उभा राहून भिंतीवर अठराशे लिहू लागलो. मी कचेरीत नकला उतरवणारा कारकून. कालचं आज उतरवणं हा माझा पोटाचाच धंदा.

आबा परत आले, हात घासले, काटा लावला. आरोळी आलीच नाही. मी डोकावलो. काटा तीनशेवर होता. त्यांनी काच पुसली, पुन्हा बघितलं, मग भिंतीकडे बघितलं.

"भाऊसाहेब, काल अठराशे व्हतं?"

"होय," मी म्हणालो. पंचेचाळीस वर्षांचा घोडा मी, आणि तोंडातून तेवढंच निघालं.

"तुमी लिवलंय म्हंजी व्हतंच. मग माजं डोळंच गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा टाकीची दोरी सोडताना दिसले. भंगारवाल्याला बोलावलं होतं.

"ज्याला काटा दिसत न्हाई, त्यानं टाकी ठिवू न्हाई," ते म्हणाले. "गोदीत माजा एक जोडीदार व्हता, रत्नांगिरीकडला. त्याच्या टाकीचा काटा बघायचं काम माजं. एक दिस न बघताच म्या सांगितलं, टाकी भरल्या म्हून. खाली त्याची हवा सपली. वर काढला तवा निळा पडलावता. जगला, पर पुन्यांदा पान्यात उतरला न्हाई. आन् मला येका शब्दानं बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं." गाठ सुटत नव्हती. "तवापास्नं रोज बघतोय. आता माज्याकडनं चूक व्हत न्हाई, येवढाच येक भरवसा व्हता."

मी त्यांच्या हातातली दोरी धरली.

"आबा, तुमचे डोळे चांगले आहेत. पहिल्या दिवशी कळ मी अर्धवट बंद करून पळालो, हवा तिथूनच गळत राहिली. नंतरचे सहा दिवस काटा बघितलाच नाही. भीत होतो. आकडे उंबऱ्यातून लिहिले, आणि काल तुमच्या तोंडावर खोटं बोललो. माझं चुकलं, आबा. मला माफ करा."