दूरदेशी कुठे बसतात?

जावईबापूंनी एवढंच ठरवलं होतं, की घरात एकदा तरी आपलं म्हणणं कोणाला तरी पटलं पाहिजे. बाकी त्यांची आयुष्याकडून काही मागणी नव्हती.

सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे आल्या होत्या, आणि गुडघा बरा झाला तरी राहिल्या होत्या. जावईबापू वजनमापे तपासणी कार्यालयात कारकून. दुकानदारांचे काटे खरे की खोटे ते पाहण्यात त्यांचा दिवस जाई, पण संध्याकाळी घरी आले की त्यांच्या स्वतःच्या शब्दाला वजन म्हणून उरत नसे. पंखा हळू ठेवा म्हटलं की सासूबाई तो भर्रकन सोडायच्या. रंगीत चादरी उन्हात घालू नका, विटतात, असं ते म्हणाले, त्या दिवशी सासूबाईंनी धुतलेल्या चादरींबरोबर न धुतलेल्याही उन्हात टाकल्या.

म्हणून एका रविवारी त्यांनी, सगळी दुनिया ज्यावर भांडते आणि सासूबाई ज्यावरचं सगळं वाचतात त्या ॲपवर, गुपचूप एक खातं उघडलं. नाव ठेवलं ‘दूरदेशीचा गृहस्थ’. सोबत बर्फाच्छादित प्रदेशाचा फोटो. (तो त्यांच्याच फ्रिजमधल्या वरच्या कप्प्याचा होता. कोपऱ्यातली मटारची पिशवी मात्र फोटोतून कापायची राहून गेली.) आणि लिहिलं, ‘इकडे आम्ही चादरी सावलीत वाळवतो. वर्षानुवर्षं रंग टिकतो.’

संध्याकाळी सासूबाईंनी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं. “ऐकलंत का? तिकडे सावलीत वाळवतात! आपल्याकडे कोणाला सुचणार असलं?”

चादरी सावलीत आल्या. जावईबापूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढे पंखाही हळू फिरू लागला. दूरदेशींनी लिहायचं आणि घरात ते व्हायचं. सासूबाई त्यांना नुसतं ‘दूरदेशी’ म्हणत, तेही असं, की जणू एखाद्या मोठ्या दिरांबद्दल बोलत आहेत. “तुम्ही त्यांचं वाचत जा हो जावईबापू,” त्या म्हणत. “थोडं वळण लागेल.” जावईबापू नम्रपणे “हो” म्हणत. कोणाचं का असेना, पण म्हणणं आपलंच पटतंय यात त्यांना सुख होतं.

त्या सुखात एका गुरुवारी ॲपची सूचना येऊन पडली.

आता या ॲपचं मराठी कोण्या यंत्राने केलेलं होतं. तिथे पोस्टला ‘खांब’ म्हणत आणि ती आवडल्याच्या लाल खुणेला ‘बदाम’. कोणी काही लिहिलं की ‘आपला खांब यशस्वीपणे उभा राहिला’ असं कळायचं. लोकांना सवय झाली होती. तर त्या यंत्राने कळवलं, ‘सोमवारपासून प्रत्येक खाते कुठे बसलेले आहे ते सर्वांस दिसेल.’

जावईबापूंना दरदरून घाम फुटला. ऑफिसात त्यांच्या शेजारी एक सहकारी बसत. त्यांना सगळे ‘सर्वज्ञ’ म्हणत, कारण ते कुठल्याही प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणत नसत.

“समजा,” जावईबापू म्हणाले, “एखादा माणूस एका जागी बसून दुसऱ्या जागचा म्हणून लिहीत असेल...”

“कोण माणूस?”

“माझा एक मित्र.”

“तुम्हाला मित्र कुठे आहेत?” सर्वज्ञांनी सूचनेचा फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत ती वाचली. “हे बघा, काय लिहिलंय? ‘कुठे बसलेले आहे’. बसलेले! उभं राहून लिहिलं तर काय दाखवणार?”

“काय?”

“काही नाही! कायद्याचं वाक्य शब्दाला शब्द धरून वाचायचं असतं. तुमच्या मित्राला म्हणावं, बूड टेकू नको.”

(इतकं सरळ उत्तर आपल्याला कसं सुचलं नाही, याचं जावईबापूंना दिवसभर वाईट वाटत राहिलं.)

त्या क्षणापासून ते उभे राहिले. फोन खिशात आहे तोवर धोका नको म्हणून बसायचंच बंद. चहा उभ्याने. पेपर उभ्याने. जेवताना ताट फ्रिजवर ठेवून उभ्याने. दोन दिवसांनी बायकोने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या खुर्चीकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे.

“अहो, बसा ना.”

“नको. बरं वाटतं असं.”

“कुठे दुखतंय का?”

“छे, छे!”

हे ‘छे, छे’ सासूबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. त्यांनी लेकीला आत बोलावलं, आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, “अगं, मूळव्याध आहे त्यांना. पुरुष सांगत नाहीत.”

“आई, हळू!”

“हळूच बोलतेय. तू काळजी करू नकोस, मी दूरदेशींना विचारते.”

जावईबापू दारापर्यंत पोहोचेतो खांब उभा राहिलेला होता. ‘आदरणीय दूरदेशी, आमच्या जावयांना बसता येत नाही. लाजतात. तुमच्याकडे यावर काय करतात?’ सासूबाई आपल्या खऱ्या नावाने लिहीत, फोटोसकट. खाली लोकांनी उपायांचा पाऊस पाडला. जावईबापूंच्या साहेबांनीसुद्धा लिहिलं, ‘तरीच!’

आता दूरदेशींना गप्प बसणं शक्य नव्हतं. (बसणं तर नव्हतंच.) जावईबापू बाल्कनीत गेले, कपड्यांच्या दोरीला एका हाताने धरून उभे राहिले आणि लिहिलं, ‘जावयांना त्रास नसावा. सज्जन गृहस्थ दिसतात. त्यांना त्यांच्या मनासारखं वागू द्यावं.’

सासूबाईंचे डोळे भरून आले. “बघ कसे लिहितात! ओळख ना देख, आणि तरी सज्जन म्हणाले.” मग त्या जाऊन मधे भोक असलेली एक गुलाबी उशी घेऊन आल्या.

सोमवार उजाडला. सकाळी ॲपवर नुसता गोंधळ माजला होता. ‘रानातली साधीभोळी सून’ म्हणून जी रोज सासरच्या कहाण्या सांगायची, ती एका दातांच्या दवाखान्यात बसलेली निघाली. एकमेकांना कायम पाण्यात पाहणारे दोन कट्टर विचारवंत एकाच ऑफिसात, बहुधा एकाच टेबलाशी बसलेले निघाले. लोक खो खो हसत होते, काही जण खाती पुसून पळत होते. काही जण ‘मी प्रवासात होतो’ असं रडवेल्या भाषेत लिहीत होते.

आणि ‘दूरदेशीचा गृहस्थ’ या नावाखाली स्वच्छ लिहिलेलं होतं, ‘बसलेले आहे: पाण्याच्या टाकीमागची गल्ली.’

जावईबापू त्या वेळीही उभेच होते. त्यांचा सर्वज्ञांवरचा, यंत्रावरचा आणि मराठी क्रियापदांवरचा विश्वास एकदमच उडाला.

सासूबाईंनी ते वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. जावईबापूंनी डोळे मिटून घेतले.

“आले!” सासूबाई ओरडल्या. “अगं, आले ते! सातासमुद्रापलीकडून आपल्या गल्लीत आले! यांच्या दुखण्याचं वाचलं आणि राहवलं नाही त्यांना!”

एवढं बोलून त्या, ऑपरेशनचा गुडघा विसरून, जिना उतरल्या. खाली गल्लीत एक कोट घातलेला माणूस भली मोठी पेटी घेऊन घराचे नंबर वाचत चालला होता.

“आपण दूरदेशी का?” सासूबाईंनी विचारलं.

“हो हो,” तो म्हणाला. “कंपनी तिकडचीच आहे.”

“आमच्याकडेच आलात ना?”

“तुम्ही म्हणाल तर तुमच्याकडेच.”

पाचव्या मिनिटाला तो जावईबापूंच्या खुर्चीत, गुलाबी उशीवर बसून चहा पीत होता.

“चादरींचं काय म्हणालात तुम्ही, अगदी पटलं हो,” सासूबाई म्हणाल्या.

“चादरी, गाद्या, पडदे,” तो म्हणाला. “सगळं शोषून घेतं.”

“किती खोल बोलतात!” सासूबाई लेकीला म्हणाल्या.

आतापर्यंत जावईबापूंनी सगळं सोसलं होतं. पण आपण दोरीला लटकून कमावलेला मान हा परका माणूस बिस्किटाबरोबर बुडवून खातोय, हे पाहून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मी आहे दूरदेशी!” ते गरजले. “मी! चादरी मी, पंखा मी, सगळं मी!”

कोटवाला उठून उभा राहिला. “मी व्हॅक्यूम क्लीनर विकतो,” तो घाईघाईने म्हणाला. “काही गैरसमज होत असेल तर पुढच्या आठवड्यात येतो.” आणि पेटी उचलून चालता झाला.

“जावईबापू,” सासूबाई मायेने म्हणाल्या, “दुखणं डोक्यात गेलंय का?”

“हे बघा!” जावईबापूंनी फोन त्यांच्या नाकासमोर धरला आणि टाइप केलं, ‘मीच तो.’ लगेच सासूबाईंचा फोन किणकिणला. दूरदेशींचा नवा खांब उभा राहिला होता. मीच तो.

सासूबाई एकदा या फोनकडे, एकदा त्या फोनकडे पाहू लागल्या. हळूहळू त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “तुम्ही त्यांचं खातं चोरलंत!”

“अहो, चोरलं नाही, माझंच...”

“म्हणूनच आपली गल्ली दाखवतंय! खातं तुमच्या खिशात, मग दुसरं काय दाखवणार? ते बिचारे तिकडे बर्फात शोधत असतील!”

“आई, ते खरं सांगतायत,” बायको म्हणाली. “तो बर्फ आपल्या फ्रिजमधला आहे. मटारची पिशवी दिसते बघ. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.”

“तू नवऱ्याला पाठीशी घालणारच. मटार काय त्यांच्याकडे मिळत नाहीत?” सासूबाई जावयाकडे वळल्या. “आधी त्यांचं खातं परत करा.”

“कसं परत करू?”

“जसं घेतलंत तसं! आणि तुमच्या नावाने माफी मागा. चारचौघांत. मी सांगते, तुम्ही लिहा.”

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून खिडकीबाहेर पाहत होती आणि तिचे खांदे हलत होते. सुटकेचा मार्ग नव्हता. त्यांनी आपल्या खऱ्या खात्यावरून, सासूबाई सांगतील तसं लिहिलं, ‘आदरणीय दूरदेशी, मी अविचाराने आपले खाते चोरले. आपल्यासारखे होण्याचा मोह झाला. क्षमा असावी.’ खाली लगेच गल्लीतल्यांनी निषेध सुरू केला. साहेबांनी उद्या केबिनमध्ये भेटायला सांगितलं.

“आता ते काय म्हणतात बघू,” सासूबाई म्हणाल्या आणि फोन मांडीवर घेऊन बसल्या. “मी असते तर पोलिसांत दिलं असतं.”

जावईबापू पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेले. माठाशेजारी उभं राहून त्यांनी खातं बदललं आणि लिहिलं, ‘खाते मिळाले. माणूस मनाचा वाईट नाही. मी त्यांना माफ केले आहे, तुम्हीही करावे.’

बाहेरून सासूबाईंचा हुंदका ऐकू आला. ते आले तेव्हा त्या पदराने डोळे टिपत होत्या.

“याला म्हणतात मोठं मन,” त्या म्हणाल्या. “वाचा! नीट वाचा जावईबापू. सात जन्म घेतलेत ना, तरी असलं एक वाक्य लिहिता यायचं नाही तुम्हाला. आता बघत काय राहिलात? त्यांच्या खांबाला तुमच्या नावाने एक बदाम द्या.”

जावईबापूंनी दिला.