कॉम्प्युटरच्या झोपेचा बंदोबस्त

आमच्या कॉम्प्युटरला जागं ठेवायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. (सांगितलेली कामं मी इतक्या तातडीनं करत नाही, असं घरात मत आहे.)

माझ्या मेहुणीचं, जयाचं, मारेगावला लग्न होतं. तिची आरशांची कांचळी, म्हणजे आरसे जडवलेली चोळी, माझी बायको अंजू शिवत होती. एक बाही उरली होती आणि चारची एसटी गाठायची होती. नक्षीचा फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून, त्यात पाहत ती टाके घालायची. पण दोन मिनिटं माऊसला हात लागला नाही की पडदा काळा.

"अहो, झोपला पाहा हा!"

मी तिच्या उजेडात आडवा येऊन माऊस हलवायचो. दहा-बारा वेळा हलवल्यावर मला कंटाळा आला.

दिग्रसच्या साजिदभाईनं आमच्या जुन्या मशीनमध्ये लिनक्स टाकून दिलंय. वर कोपऱ्यात कपाचं चित्र आहे. त्यावर क्लिक केलं की रिकामा कप भरतो आणि कॉम्प्युटर झोपत नाही. पण क्लिक काय, कोणीही करतं. माझी शाळा नववीत सुटली. काळ्या खिडकीत कमांड लिहिली की मात्र मला पदवी मिळाल्यासारखं वाटतं. साजिदभाईनं वहीत लिहून दिलेली कमांड मी टाकली. कप भरला!

"आता नाही झोपणार."

"नक्की?"

या 'नक्की'नं घात केला. एकदा सांगून भागत नाही, हा माझा घरचा अनुभव. म्हणून तीच कमांड दर दहा मिनिटांनी आपोआप जाईल अशी सोय केली.

दहा मिनिटं छान गेली. मग पडदा काळा. मी चिडून सोय दर पाच मिनिटांवर आणली. तो दुप्पट वेळा झोपू लागला.

शेवटी अंगणात जाऊन हळूच साजिदभाईला फोन लावला.

"भाऊ, थे कमांड उलटं करते. चालू असन तं बंद, बंद असन तं चालू. कितीदा देल्ली?"

"दर पाच मिनिटाले."

"कायले?"

"इसरला-बिसरला तर..."

"कॉम्प्युटर हाये थो. जावई नाही, घडीघडी आग्रह कराले!"

त्यानं नुसती 'चालू' करणारी कमांड सांगितली. मी ती टाकली, आधीची सोय काढली आणि पहारा देत बसलो. साडेतीन वाजले. पडदा लख्ख.

"पाह्यलं? अर्ध्या तासात डोळा लागला नाही त्याचा."

अंजूनं दातानं दोरा तोडला. बाही पुरी झाली होती. "मी कवाचीच मोबाईलात पाहून राह्यली."

गुडघ्याजवळ दोऱ्यांच्या डब्याला टेकून मोबाईल उभा होता.

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी तिकडं गुतले, मले उजेड मोकळा झाला."

"अन् मोबाईल झोपला नाही?"

"सेटिंगमंदी टाइम वाढवला."

"कोणी शिकवलं?"

"शिकवाले काय लागते? दाबून पाह्यलं."

चारची एसटी मिळाली. कॉम्प्युटर बंद करायचं मात्र राहून गेलं. लग्न आटोपून आम्ही परतलो तेव्हा चौथा दिवस होता आणि तो टक्क जागा होता.