मागचं काढताना

मोटरसायकलचे मागचे भाग खोलले की पाना धरणाऱ्याच्या तोंडून मागचं निघतं. आमच्या सांगलीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून पुढचा ब्रेक, हेडलाइट वगैरे लोक घरी खोलतात आणि मागचं काही असलं की मुकाट्याने गॅरेज गाठतात. गॅरेजवाले दिवसभर तोंडात तंबाखू धरून असतात ते यासाठीच. त्यांचं निघालं तरी काय निघालं ते कुणाला कळत नाही.

मी घरी काढलं. बशीरभाई, आमचे नेहमीचे मेकॅनिक, लेकीकडे विजापूरला गेले होते, हे एक कारण. दुसरं म्हणजे माझा शहाणपणा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आवाज चढवून भांडण एकदाही नाही. आमच्यात मागचं असं आहेच काय, असं मला खरंच वाटत होतं.

मोटरसायकलवरून कन्याकुमारीला जायचं ठरलं होतं, मी आणि माझी बायको कुमुद, अकरा दिवस. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं मी तिच्याकडे. ती म्हणाली होती, "येते मी, पण त्या मागच्या सीटवर माझ्या पाठीचं भरीत होतं, तेवढं बघा." म्हणून दोन नवे शॉकअप आणि जाड गादीची सीट मागवली. खोक्यात सूचनापत्रक होतं :

"मागचे भाग घरी खोलताना मागे बसणारी व्यक्ती हजर असावी. जे निघेल त्याला दुसऱ्याने उत्तर द्यावे. उत्तर खरे असल्याशिवाय नवा भाग बसत नाही. हातोडी वापरू नये."

कुमुदने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि गवारीची परात घेऊन अंगणात स्टुलावर येऊन बसली.

मी जुन्या सीटचा नट सैल केला. "तुझ्या भावाचा टेपरेकॉर्डर मीच बिघडवला होता," माझ्या तोंडून निघालं.

"ठाऊक आहे," ती गवार मोडत म्हणाली. आम्ही दोघंही हसलो. एवढंच असेल तर संध्याकाळपर्यंत उरकेल, असं मी मनात म्हटलं.

मग डावा शॉकअप. इथे एक सांगायला हवं. सोळा वर्षांपूर्वी बेळगावला जाताना निपाणीच्या पुढच्या एका पंपावर मी पेट्रोल भरलं आणि निघालो. कुमुद पाणी प्यायला गेली होती, ती तिथेच राहिली. पाऊण तासाने परत येऊन मी तिला घेतलं. हा किस्सा मी लग्नाबारशांत हातवारे करून सांगत आलोय. "मी आपला बोलतोय, बोलतोय, आणि मागे कोण? वारा!" लोक पोट धरून हसतात. कुमुद तेवढ्यात वाढायला उठते.

वरचा बोल्ट सुटला.

"पंपाबाहेर पडल्या पडल्याच मला कळलं होतं," मी म्हणालो. "मागचं हलकं झालं होतं. गाडी अशी पळत होती की काय सांगू. म्हटलं, तवंदीचा घाट तेवढा एकट्याने चढून बघू आणि वळू. घाट संपला. तरी मी वळलो नाही. फार बरं वाटत होतं."

पाना टाकला, पण निघायचं ते निघून गेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असू दे," कुमुद म्हणाली. "झालं ते झालं."

मी नवा शॉकअप लावून पाहिला. भोक सूतभर पुढे राहत होतं. खालून वीट सरकवली, चाक उचलून धरलं, तरी तेवढंच.

"बसत नाहीये," मी म्हणालो.

तिने हातातली गवार परातीत टाकली. "पंपवाल्याने खुर्ची दिली होती," ती म्हणाली. "मी बसले नाही. तुम्ही आत्ता याल, लगेच याल, म्हणून उभीच राहिले. फार लागलं होतं मला ते. अजून लागतं."

बोल्ट बोटाने ढकलला तसा आत गेला.

उजव्या बाजूला मी पाना उचलणार, तोच तिने हात पुढे केला. "आणा इकडे. कुणी धरायचा ते काही पत्रकात लिहिलेलं नाही." तिने पदर खोचला आणि पहिल्याच झटक्यात बोल्ट सोडवला.

"तेवढ्यात सांगलीची बस आली," ती म्हणाली. "मी हात केला. थांबली. कंडक्टर म्हणाला, चला बाई, लवकर. मी चढले नाही. सोळा वर्षं वाटतंय, चढायला हवं होतं."

आता उत्तर माझ्याकडे होतं.

"नाही चढलीस तेच बरं झालं," मी घाईघाईने म्हणालो. शॉकअप बसला नाही. मग मी विचार केला, तिच्या बाजूने, बहुधा पहिल्यांदाच.

"हो," मी म्हणालो. "चढायला हवं होतंस."

तो बसला.

सीट राहिली होती. पत्रकाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं : "मागे बसणाऱ्या व्यक्तीने सीटवर हात ठेवून आपण बसणार की नाही ते तोंडी सांगावे."

कुमुदने हात ठेवला. "मी कन्याकुमारीला येते," ती म्हणाली. लॉक लागलं नाही. तिने दोन्ही हातांनी दाबली. "येते म्हटलं ना!" मीही अंगाचा सगळा भार टाकला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला खरंच यायचं होतं असं नाही, पण येते म्हणायचं होतं, एवढं मला दिसलं.

"कुमुद, चुकलं माझं," मी म्हणालो. हे सोळा वर्षांपूर्वी पंपावरच म्हणायला हवं होतं.

"ते खरं आहे," ती म्हणाली. "पण आता सीट माझ्यापाशी अडलीय."

मग तिने सीटवर हात नुसता टेकवला आणि हळूच म्हणाली, "मी येणार नाही."

टक् झालं.

आम्ही दोघांनी सीट हलवून बघितली. छान घट्ट बसली होती. कुमुदने हात पुसले, परात उचलली आणि विचारलं, "एकट्याला दशम्या किती लागतील?"